रोगप्रतिकारशक्ती आणि मुंबईतील उपचारांचे वाद

रोगप्रतिकारशक्ती : शरीरात शिरलेले जंतू, विषाणू व परके पदार्थ ओळखून त्यांचा बंदोबस्त करण्याची शरीराची क्षमता. त्वचा, अस्थिमज्जा, प्लीहा, लसीका ग्रंथी, छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी या सगळ्यांचे हे एकत्रित काम आहे. जन्मजात प्रतिकार काही तासांतच सुरू होतो, पण तो जंतूजंतूंत फारसा भेद करत नाही. उपार्जित प्रतिकाराला पहिल्या खेपेला आठवडाभर किंवा अधिक वेळ लागतो. बी-पेशी ठरावीक जंतूविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करतात, टी-पेशी बाधित पेशी मारतात आणि त्यातल्या काही त्या जंतूची ओळख वर्षानुवर्षे जपतात. लस या ओळखीवरच काम करते.

ही शक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असा सर्रास समज आहे आणि तो चुकीचा आहे. आमवात, ल्युपस, टाइप १ मधुमेह या आजारांत प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. २०२० साली गंभीर कोविड रुग्णांचे प्राण वाचवणारे डेक्सामेथासोन हे प्रतिकार दाबणारे औषध होते. त्याच वर्षी मुंबईत घरोघरी ‘इम्युनिटी वाढवण्यासाठी’ काढे उकळत होते. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा काढा बेताने घेतला तर घशाला बरा वाटतो. त्याविषयी तक्रार नाही. गुळवेलीचे मात्र तसे झाले नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. आक्षेप रास्त धरला तरी कुंडीतली किंवा कुंपणावरची वेल तोडून उकळणाऱ्याला ती ओळखता येत नाही, हा धोका उरतोच. सकाळी मैदानांबाहेर मिळणाऱ्या दुधीच्या रसाचेही असेच आहे. दुधी चवीला कडू लागला तर त्यात कुकुरबिटासिन ही विषारी द्रव्ये असतात. असा रस साखर-लिंबू घालून गिळायचा नसतो, ओतून द्यायचा असतो.

आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांत हा विचार पुष्कळ संयमाने आला आहे. चरकसंहितेत बल तीन प्रकारचे सांगितले आहे : सहज, कालज आणि युक्तिकृत, म्हणजे उपजत, ऋतू व वयानुसार येणारे आणि आहार-विहाराने कमावलेले. अतिस्थूल आणि अतिकृश शरीरे रोग सोसू शकत नाहीत, असेही तिथे म्हटले आहे. या विचाराचा बाटलीवरच्या जाहिरातीशी संबंध फार थोडा आहे.

आधुनिक वैद्यकाविषयीचा अविश्वास मुंबईत नवा नाही, आणि तो निव्वळ अज्ञानातून आलेला नाही. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईतच अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पण खरा संघर्ष पेटला तो प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या महिन्यात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन शहरात आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दुसरीकडे सरकारी पथके घरात घुसत होती, सामान जाळत होती. रेल्वे स्थानकांवर बायकांच्या काखा तपासल्या जात होत्या. रुग्णालयात नेऊन माणसांना मारतात, त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात अशी अफवा पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली. लोकांचा राग सक्तीवर होता, आणि तो समजण्यासारखा होता. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी हाफकिन यांना जागा दिली, लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातून मोठ्या संख्येने माणसे पुढे आली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला गेली. हाफकिन इन्स्टिट्यूट आजही तिथेच आहे.

निसर्गोपचाराला या प्रांतात प्रतिष्ठा मिळाली ती गांधीजींमुळे. माती, पाणी, उपवास यांवर त्यांची श्रद्धा होती आणि लसीला त्यांचा विरोध होता. तरीही जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. निसर्गोपचाराच्या बाजूने बोलणारे हा प्रसंग सहसा गाळतात.

गोवराच्या बाबतीत मात्र मतभेदाची किंमत मुलांनी मोजली. गोवर निघाला की औषध द्यायचे नाही, उशाला कडुलिंबाचा पाला ठेवायचा, देवीला ओटी भरायची ही रीत जुनी आहे. माहीमच्या शीतलादेवीला आजही लोक जातात. त्या श्रद्धेशी भांडण्याचे कारण नाही. पण २०२२ च्या अखेरीस गोवंडीत साथ आली तेव्हा बाधितांत लस न घेतलेली मुले मोठ्या प्रमाणावर होती. टाळेबंदीत हुकलेले डोस, लशीनंतर येणाऱ्या तापाची भीती, कुपोषण, दाटीवाटीची वस्ती अशी कारणे एकात एक गुंतलेली होती. गोवराचा विषाणू प्रतिकारयंत्रणेची आधीची बरीच स्मृती पुसून टाकतो. त्यामुळे बरे झालेले मूलही पुढे महिनोन्‌महिने इतर जंतूंपुढे उघडे पडते. ‘नैसर्गिकरीत्या गोवर होऊन गेलेला बरा’ या म्हणण्याला याहून स्पष्ट उत्तर नाही.

टीका मुख्य प्रवाहातल्या वैद्यकावरही करावी लागते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या अभ्यासात सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळ्या प्रकारे औषधे लिहून दिली होती. २०१० मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा १०६ पैकी अवघ्या ६ जणांची चिठ्ठी बरोबर निघाली. चाळी-झोपड्यांतला पहिला डॉक्टर बहुधा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) पदवीचा असतो आणि अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्याही तोच देतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथांना ठरावीक अभ्यासक्रमानंतर अशी औषधे लिहायची मुभा दिली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. भांडण पदवीवरून चालते. चुकीच्या डोसाने औषधाला दाद न देणारा क्षय मात्र रुग्णाच्या वाट्याला येतो.

प्रतिकारशक्ती खरोखर वाढवणारी गोष्ट कोणती, याचे उत्तर क्षयानेच दिले आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना धान्य, डाळ असा शिधा दिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. घरच्या बाकी माणसांचे जेवण मुंबईच्या भावात त्यातून भागत नाही.