फरसाण पुन्हा कुरकुरीत होत नाही

रविवारी सकाळी ठाण्यात मामलेदार मिसळीच्या बाकावर जागा मिळाल्यावर माणसाने गप्प बसून खावं. पण आमच्या मजल्यावरच्या काकांनी विषय काढलाच. "विश्व फुगतं, आकसतं, परत फुगतं. आपल्या खाडीच्या भरती-ओहोटीसारखं. कल्प सांगितलाय ना, ४३२ कोटी वर्षांचा?"

काकांचा आकडा बरोबर. ब्रह्मदेवाचा एक दिवस तेवढाच. पण आत्ताची भरतीच सुमारे १३८० कोटी वर्षं चालू आहे, तेव्हा हिशेब जुळत नाही आणि ओढूनताणून जुळवण्यात मला रसही नाही. कल्पना मात्र उडवून लावण्यासारखी नाही. रशियन गणिती अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्येच आइन्स्टाइनच्या समीकरणांतून दाखवलं होतं, की विश्वात द्रव्य पुरेसं असेल तर ते फुगत जाईल, थबकेल आणि स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागेल.

आकसून पुन्हा फुगेल का? आणि असं अनंत वेळा? अडचण इथे आहे, आणि ती माझ्या प्लेटमध्येच होती.

फरसाणावर रस्सा पडला की दोन मिनिटांत ते मऊ पडतं. मग रस्सा निथळून काढा, फरसाण उन्हात वाळवा, पहिला कुरकुरीतपणा येत नाही. भौतिकशास्त्रात याला एन्ट्रॉपी वाढली म्हणतात. आपण पसारा म्हणू. विश्वातही तेच चाललंय: तारे जळतात, प्रकाश बाहेर पडतो, आणि तो काही गोळा होऊन पुन्हा हायड्रोजन बनत नाही.

कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टोलमन यांनी १९३४ च्या सुमारास हाच पसारा चक्राच्या हिशेबात धरला. एका फेरीत साठलेलं प्रारण, म्हणजे ताऱ्यांतून बाहेर पडलेला प्रकाश, पुढच्या फेरीला वारशात मिळतं. त्याचा दाब आकसण्याच्या वेळी आधीपेक्षा जास्त भरतो, म्हणून पुढची फेरी आणखी मोठी, आणखी लांबलचक. आता उलट्या दिशेने चला. आधीची फेरी छोटी, तिच्या आधीची त्याहून छोटी, आणि असं करत शेवटी कुठेतरी पहिल्या फेरीपाशी येऊन ठेपतो. सुरुवातीचा प्रश्न टाळायला चक्र आणलं, तर सुरुवात दारात उभीच! मला हा युक्तिवाद अजूनही फार देखणा वाटतो.

त्यावर एक तोड पॉल स्टाइनहार्ट आणि नील टुरोक या भौतिकशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये सुचवली. आकसण्याआधी विश्वाला प्रचंड फुगू द्यायचं. वाटीभर रस्सा ठाण्याच्या खाडीत ओतला तर तो नाहीसा होत नाही, पण खाडीतलं ओंजळभर पाणी चाखलं तर तिखट लागणार नाही. पुढचं विश्व अशा ओंजळीतून सुरू होतं. पसारा आहे, पण आपल्या वाट्याला नाही. शिवाय ही तोड तपासताही येते: ती खरी असेल तर विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, सापडू नयेत. २०१४ मध्ये त्यांच्या खुणा सापडल्याचा गाजावाजा झाला, पण तो आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा प्रताप निघाला.

"आणि नारळीकर?" काकांनी पाव मोडत विचारलं. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात आंदोलनं आहेत, एकेक सुमारे ५००० कोटी वर्षांचं. त्यात विश्व कधीच शून्यापर्यंत आकसत नाही आणि महास्फोटाची गरजच उरत नाही. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर आणि सहकाऱ्यांचं २००६ चं गणित निराळं आहे. त्यात घनता पराकोटीला गेली की गुरुत्वाकर्षणच ढकलू लागतं आणि आकसणारं विश्व चेंडूसारखं उसळी घेतं.

पण उसळी घ्यायला आधी आकसायला हवं. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं, की विश्व नुसतं फुगत नाही, फुगण्याचा वेगही वाढतोय. विश्वाला असं ढकलणाऱ्या गोष्टीला कृष्ण ऊर्जा असं नाव मिळालं, पण ती काय आहे ते कुणाला सांगता येत नाही. या ऊर्जेचा जोर कायम राहिला तर ओहोटी विसराच. मात्र अरिझोनातल्या किट पीकवरच्या डेसी या उपकरणाने कोट्यवधी दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांचा, नकाशा काढलाय. त्यावरून २०२४ आणि २०२५ मध्ये, हा जोर काळानुसार कमी होत असावा असे संकेत मिळाले. शोध म्हणून शिक्कामोर्तब व्हावं एवढा भक्कम पुरावा तो नाही.

"म्हणजे ओहोटी लागली?"

"नाही काका. भरतीचा जोर थोडा ओसरत असावा, एवढंच."

काकांनी मान डोलावली आणि वेगळ्या वाटीत कोरडं फरसाण मागवलं.