बॉबिन भरेपर्यंतची सुटी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे ३२ फूट खाली उतरते. हे पाणी कालव्यांतून चक्रांवर वळवून १८२३ मध्ये तिथे पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली आणि तिच्याभोवती लोवेल हे गाव उभं राहिलं. कामाला होत्या मुख्यतः आसपासच्या शेतकरी घरांतल्या अविवाहित तरुणी. कताई खात्यात त्यांच्या हाताखाली डॉफर असत, म्हणजे भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या बसवणाऱ्या लहान मुली.

हॅरिएट हॅन्सन १८३५ मध्ये, दहाव्या वर्षी, अशीच कामाला लागली. वडील वारले होते आणि आई गिरणीतल्या मुलींसाठी खानावळ चालवत होती. हॅरिएटची मजुरी आठवड्याला २ डॉलर, वेळ पहाटे ५ ते संध्याकाळी ७, न्याहारीला आणि जेवणाला अर्धा-अर्धा तास. प्रत्यक्ष हात चालत ते तासातली साधारण १५ मिनिटं. उरलेल्या वेळात मुली वाचत, विणत, खेळत. काम आणि सुटी यांचं हे प्रमाण कुणा दयाळू मालकाने ठरवलेलं नव्हतं, ते यंत्रातून आलेलं होतं.

त्या काळच्या कताईयंत्रात प्रत्येक चातीच्या डोक्यावर उलट्या चिमट्यासारखा दोन पायांचा फ्लायर फिरे. तो सुताला पीळ देई आणि दोन पायांच्या मधल्या बॉबिनीवर सूत गुंडाळलं जाई. बॉबिन फुगत फुगत या पायांना टेकण्याआधी यंत्र थांबवावंच लागे, त्यामुळे तिचा आकार लहानच राहणार. मग डॉफरची धावपळ सुरू होई. बऱ्याच रचनांत आधी फ्लायर फिरवून काढायचा, भरलेली बॉबिन उचलायची, रिकामी घालायची, सुताचं टोक तिच्यावर धरायचं आणि फ्लायर परत बसवायचा. यंत्र बंद म्हणजे उत्पादन बंद, म्हणून इथे चपळ बोटं हवीत. ताकद फारशी लागत नाही. मुलांना कामावर घेण्याचं खरं कारण हे, आणि अर्थात त्यांची स्वस्त मजुरी.

बॉबिन किती वेळात भरेल, ते सुताच्या नंबरावर ठरतं. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी, तितका सुताचा नंबर. १४ नंबरचं सूत एका पौंडात ११,७६० यार्ड भरतं. नंबर चौपट केला की तेवढ्याच वजनासाठी चौपट लांबी कातावी लागते. शिवाय बारीक सुताला दर इंचाला जवळजवळ दुप्पट पीळ लागतो, म्हणून चातीचा वेग तोच ठेवला तर सूत निम्म्या गतीने बाहेर येतं. एकूण वेळ आठपट. जाडंभरडं कापड काढणाऱ्या गिरणीत डॉफरला उसंत कमी मिळते, ती यामुळे.

सगळ्यात त्रासाची वेळ बॉबिनी बदलल्यावर लगेच येते. बॉबिनीला मागे ओढणारं घर्षण सुताच्या ताणाने पेलायचं असतं. रिकाम्या बॉबिनीची त्रिज्या लहान, म्हणून ताण जास्त. यंत्र सुरू होताच सूत तुटू लागतं आणि कातणाऱ्या बाईला टोकं सांधत फिरावं लागतं.

हवा कोरडी असली तर तुटणं आणखी वाढतं. ओलावा धरलेला कापसाचा तंतू जास्त मजबूत असतो, म्हणून खिडक्या बंद ठेवून खात्यात दमटपणा राखत. सुताला ते मानवे, फुप्फुसांना नाही. कापसाच्या धुळीत बोंडाचा पाचोळा आणि त्यावरच्या जिवाणूंचे विषारी अंश असतात. वर्षानुवर्षं ती श्वासात गेली की बिसिनोसिस होतो. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही या रोगाची ओळखीची खूण. सर्वात वाईट धूळ पिंजण खात्यात असे. हिवाळ्यात दिव्यांचा धूर त्यात मिसळे.

१८३६ मध्ये खानावळीचे पैसे वाढले तेव्हा मुलींनी काम बंद केलं. अकरा वर्षांची हॅरिएट आपल्या खात्यातून पहिली बाहेर पडली आणि बाकीच्या तिच्यामागून. कंपनीने नंतर तिच्या आईच्या हातून खानावळ काढून घेतली.

पुढे रिंग फ्रेम या नव्या कताईयंत्राने फ्लायरच काढून टाकला. बॉबिन सरळ वर उपसता येऊ लागली, चात्यांचा वेग वाढला. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल हे यंत्र लवकर स्वीकारणाऱ्यांपैकी होती. डॉफर मात्र रिंग फ्रेमलाही लागतच.

मॅसॅच्युसेट्सने १८४२ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला १० तासांची मर्यादा घातली, पण मालकाने ती जाणूनबुजून मोडली असं ठरलं तरच दंड, त्यामुळे पळवाट उघडीच होती. मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेल्या १८८१ च्या कायद्याने ७ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि १२ पर्यंतच्यांना ९ तास ठरवले. १८९१ मध्ये किमान वय ९ झालं आणि १४ वर्षांखालच्या मुलांचे तास ७ वर आले.