क्रेझी पॅचवर्क आणि हाताने रंगवलेले साहित्य : पार्श्वभूमी

क्रेझी पॅचवर्क म्हणजे कापडाचे वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे पायाच्या कापडावर बसवून त्यांच्या जोडांवर भरतकाम करण्याचा प्रकार. त्याचा आजचा एखादा नमुना आणि 1880 च्या दशकातला एखादा नमुना शेजारी-शेजारी ठेवला, तर टाक्यांमध्ये फारसा फरक आढळत नाही. मच्छी टाका, फेदर टाका, काजाचा टाका आणि साखळी टाका दोन्हीकडे तेच आहेत, आणि तुकड्यांच्या जोडांवरून ते चालतातही त्याच रीतीने. फरक दिसतो तो रंगात. जुन्या कामात प्रत्येक तुकडा आपला रंग आपल्याबरोबर घेऊन आलेला असतो: पोशाखातून उरलेली जांभळी मखमल, टायचे काळे रेशीम, सिगारांच्या जुडीला बांधलेली पिवळी फीत. नव्या कामात मात्र कापड, फीत, लेस आणि धागा यांपैकी बरेचसे एकाच रंगपात्रातून निघालेले असते, आणि पुष्कळदा ते त्याच कामासाठी रंगवलेले असते. हा बदल मुख्यतः गेल्या साठ-सत्तर वर्षांतला आहे, आणि या टिपणाचा भरही तिथेच आहे.

आरंभाची कथा बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त 1876 मध्ये फिलाडेल्फियात प्रदर्शन भरले, तेथील जपानी दालनात सममितीला सोडून केलेली मांडणी लोकांनी पाहिली, इंग्लंडमधील एका भरतकाम शाळेचे कलात्मक नमुनेही पाहिले, आणि पुढच्या दशकात क्रेझी पॅचवर्कची लाट उठली, असे साधारणपणे सांगितले जाते. ‘क्रेझी’ या शब्दाचा संबंध वेडेपणाशी लावायचा की चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईला पडणाऱ्या बारीक भेगांशी, याबद्दल दोन मते आहेत. इंग्रजीत दोन्ही अर्थांचे मूळ एकच असल्यामुळे हा वाद कधी मिटेल असे वाटत नाही, आणि प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्वही नाही. एकेकाळी हा पॅचवर्कचा सर्वांत जुना, अमेरिकेच्या वसाहतकाळातील काटकसरीतून जन्मलेला प्रकार मानला जात असे. त्या समजुतीला मात्र हाती असलेल्या जुन्या कामांचा आधार मिळत नाही. लाटेच्या काळातले क्रेझी पॅचवर्क हे रेशीम आणि मखमलीचे, दिवाणखान्यात मांडण्याचे काम होते. त्यात बहुधा कापूस भरलेला नसे, पायाच्या कापडावर तुकडे बसवून मागे अस्तर जोडलेले असे, आणि म्हणून त्याला रजई म्हणणेही तसे सैलच आहे.

त्या रेशमाच्या रंगाबद्दल दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत, कारण पुढचा सगळा बदल त्यांच्यावर उभा आहे. पहिली गोष्ट रंगद्रव्याची. 1856 मध्ये लंडनमधील एका 18 वर्षांच्या विद्यार्थ्याला क्विनीन बनवण्याच्या प्रयत्नात जांभळे रंगद्रव्य सापडले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या कृत्रिम रंगांनी कापडबाजार भरून गेला. ते रंग भडक होते, स्वस्त होते, आणि त्यांतले अनेक उजेडात टिकत नसत. आज जुन्या कामांत जे तुकडे फिकट तपकिरी दिसतात, त्यांतले पुष्कळसे मूळचे जांभळे किंवा किरमिजी असण्याचा संभव आहे. दुसरी गोष्ट रेशमाच्या वजनाची. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर उकळून काढला की त्याचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटते. रेशीम वजनावर विकले जात असल्यामुळे ही घट भरून काढण्यासाठी, आणि पुष्कळदा त्याहून जास्त वजन चढवण्यासाठी, कापडाला कथिलाच्या किंवा लोखंडाच्या क्षारांचे द्रावण पाजले जाई. त्यामुळे रेशमाला भारदस्तपणा येई, सळसळ येई, आणि काही दशकांनी ते उभ्या चिरा पडून फाटत जाई. जुन्या क्रेझी कामात एखादा काळा किंवा तपकिरी तुकडा चिंध्या झालेला आणि त्याच्या शेजारचा धडधाकट दिसतो, त्यामागे शिवणारणीची निष्काळजी नसून कापडाच्या जन्मापासूनच त्यात असलेला हा दोष आहे.

रंग निवडण्याची मुभा अशी मर्यादित असल्यामुळे कामाला एकत्र बांधण्याची जबाबदारी टाक्यावर येई. तुकडे एकमेकांशी कितीही भांडत असले तरी जोडांवरून सोनेरी किंवा पिवळ्या रेशमाचा एकच टाका सगळीकडे फिरवला की नजरेला धरायला एक जाळी मिळे. त्या काळच्या असंख्य कामांत पिवळा धागा दिसतो त्याचे एक मोठे कारण हेच असावे, असे माझे मत आहे. टाक्यांची समृद्धी हा त्या काळाचा अभिमान होता हे खरे, पण ती समृद्धी रंगातील विसंवादावर केलेला उपायही होती.

एकोणिसावे शतक संपता संपता ही लाट ओसरली. रेशमाची जागा ग्रामीण भागात लोकरी आणि सुती तुकड्यांनी घेतली, काम जाड आणि वापरायचे झाले, भरतकाम एखाद-दुसऱ्या टाक्यापुरते उरले. मधला मोठा काळ इथे ओलांडून पुढे जाता येते.

हाताने रंगवण्याच्या दृष्टीने खरी सुरुवात 1956 ची, म्हणजे त्या पहिल्या कृत्रिम जांभळ्या रंगानंतर बरोबर शंभर वर्षांनी झालेली आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे, अभिक्रियाशील म्हणून ओळखले जाणारे रंग प्रथम बाजारात आले. त्याआधी घरी सुती कापड रंगवायचे तर पाणी उकळावे लागे, आणि तो रंग धाग्याला केवळ चिकटून राहत असल्यामुळे प्रत्येक धुण्यात थोडा थोडा जाई. नवा रंग साध्या खोलीच्या तापमानाला, धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात, तंतूचाच भाग होऊन बसे. भट्टी नको, मोठे भांडे नको. काचेची बरणी पुरे. साठच्या दशकात बांधणीच्या कपड्यांची जी लाट पाश्चात्त्य देशांत आली तिलाही याच रंगांनी बळ दिले, आणि पुढे कला म्हणून रजई करणाऱ्यांनी ऐंशीच्या दशकापर्यंत स्वतःचे कापड स्वतः रंगवणे नित्याचे करून टाकले. क्रेझी पॅचवर्कचे पुनरुज्जीवन साधारण याच सुमारास अमेरिकेत आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियात झाले, आणि रंगवण्याची ही तयार रीत त्याला आयती मिळाली.

बरणीत काय होते हे जरा तपशिलाने पाहिले पाहिजे. कमी पाण्यात कापड दाबून भरले की रंग सगळीकडे सारखा पोचत नाही, आणि एकाच तुकड्यावर गडद-फिक्या छटांचे ढग उमटतात. त्याच बरणीत सुती मांजरपाट, रेशमी फीत, व्हिस्कोजची (म्हणजे कृत्रिम रेशमाची) झालर आणि सुती लेस घातली तर चौघांवर एकच रंग चार तऱ्हांनी चढतो. व्हिस्कोज तो अधिक ओढून घेते आणि उजळ दिसते, सूत शांत राहते, रेशमावर तोच रंग कधी वेगळ्याच छटेकडे झुकतो. पॉलिएस्टर मात्र कोरेच राहते, आणि सुती म्हणून घेतलेल्या लेसमध्ये पॉलिएस्टरची दोरी निघाली तर ती रंगलेल्या जमिनीवर पांढरी उठून दिसते. काही जण मुद्दाम याचाच उपयोग करतात. या सगळ्या वस्तू एका घरातल्या भावंडांसारख्या दिसतात: चेहरा वेगळा, ठेवण एक. क्रेझी पॅचवर्कसाठी हीच सर्वांत मोठी देणगी ठरली. कामाला एकत्र बांधण्याची जबाबदारी टाक्याकडून रंगपात्राकडे गेली, आणि पिवळ्या धाग्याच्या जाळीतून सुटलेला टाका पोत, उठाव आणि चित्र यांच्याकडे मोकळेपणाने वळू शकला.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवणे भाग आहे, कारण ‘हाताने रंगवलेला’ हे विशेषण धाग्याच्या लडीवर इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी लावले जाते की नव्याने शिकणाऱ्यांची फसगत होते. एकाच लडीत अनेक छटा असणे ही मुळात नवी गोष्ट नाही. गडदाकडून फिक्याकडे जाणारी लोकर आणि छटांच्या रेशमी फिती एकोणिसाव्या शतकातही कारखान्यात बनत. त्यांत रंग ठरावीक अंतराने आणि ठरावीक क्रमाने परत येतो, आणि शंभराव्या लडीचे वळण पहिल्या लडीसारखेच असते. हाताने रंगवलेल्या लडीत हे अंतर अनियमित असते, दोन रंगांच्या सीमेवर तिसराच रंग जन्मतो, आणि त्याच नावाची पुढची लडी हुबेहूब तशी येत नाही. आधीच रंगीत असलेल्या धाग्यावर दुसरा रंग चढवला तर तो पुनर्रंजित धागा म्हणायला हवा. ब्रशने किंवा बाटलीच्या नळीने लडीच्या निरनिराळ्या भागांवर रंग लावला तर तो चित्रित धागा होय. चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेल्या लेसला रंगवलेली म्हणावे की डागवलेली, हाही प्रश्न उरतोच. विक्रीच्या चिठ्ठीवर या सगळ्यांना एकच शब्द असतो.

मूळ वाद मात्र वेगळा आहे. छोट्या कार्यशाळेत पाककृतीप्रमाणे मोजून-मापून एका वेळी डझनावारी लड्या रंगवल्या, त्यांना रंगक्रमांक दिले आणि त्या दूरदेशी विकल्या, तर त्या हाताने रंगवलेल्या म्हणायच्या का? एका पक्षाचे म्हणणे असे की माणसाच्या हाताने रंग घातला आणि दोन घाण्यांमध्ये तफावत राहिली, एवढे पुरे. दुसऱ्या पक्षाच्या मते जिने काम केले तिनेच साहित्य रंगवलेले असेल तरच ते विशेषण खरे. विकत आणलेली लडी ही शेवटी विकत आणलेली लडीच. माझा कल पहिल्या पक्षाकडे आहे. दुसऱ्या व्याख्येने अनेक उत्तम कारागिरांचे श्रम एका फटक्यात अदृश्य होतात, शिवाय जुन्या काळातल्या शिवणारणीही आपले रेशीम स्वतः रंगवत नव्हत्या. तरीही दुसऱ्या पक्षाची एक मागणी रास्त आहे. तंतू कोणता, रंग कोणत्या जातीचा आणि तो पक्का आहे की कच्चा, हे चिठ्ठीवर लिहिलेले असावे. फिक्या रेशमावर किरमिजी धाग्याने आठवडाभर भरलेले फूल एका ओल्या फडक्याने पसरले, तर त्या विशेषणाला काहीच किंमत उरत नाही.

या अनियमित धाग्याचा टाक्यावर होणारा परिणामही पुरेसा लक्षात घेतला जात नाही. रंगाची धाव, म्हणजे धाग्यावर एक छटा जितकी लांब चालते ते अंतर, लांब असेल तर फेदर टाक्याच्या लागोपाठच्या चार-पाच फांद्या एका छटेच्या होतात आणि जोडावरून रंग हळूहळू सरकताना दिसतो. धाव आखूड असेल तर तोच टाका ठिपक्याठिपक्यांचा होतो आणि त्याचा आकार हरवतो. सहा पदरांच्या धाग्यातले पदर सुटे करून त्यांतला एक उलट्या टोकाने ओवला, तर दोन छटा एकाच टाक्यात मिसळतात. कारखान्यातल्या एकरंगी धाग्याने शिकलेल्यांना हे सगळे नव्याने शिकावे लागले.

फितीची कथा थोडक्यात सांगता येईल. फितीचे भरतकाम अठराव्या शतकातल्या फ्रेंच पोशाखांपासून चालत आले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला पुन्हा बहर आला होता. क्रेझी कामांतही त्या काळी फितीचे गुलाब आहेतच. ऑस्ट्रेलियात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते तिसऱ्यांदा फुलले, आणि 4 व 7 मिलिमीटर रुंदीच्या मऊ रेशमी फिती घरी रंगवण्याची पद्धत तिथून दूरवर पसरली. पाकळीच्या मुळाशी गडद आणि टोकाशी फिकी अशी छटा एकरंगी फितीने साधत नाही. रंगवलेल्या फितीने ती एका टाक्यात मिळते, आणि म्हणूनच फिती रंगवण्याकडे इतक्या जणी वळल्या.

मणी जुन्या कामांत तुलनेने कमी आढळतात. चमक हवी असेल तिथे तेव्हा मखमल, जरीचा धागा आणि मखमली दोरा वापरला जाई. आज जोडावरच्या टाक्याच्या प्रत्येक टोकाला मणी बसवणे हे जवळजवळ नियमासारखे झाले आहे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर जपानी काचमण्यांचा एकसारखा आकार उपलब्ध झाला, त्याचा यात वाटा आहे. मण्यांचा क्रमांक जितका मोठा तितका मणी लहान: 11 क्रमांकाचा सर्वत्र चालतो, 15 क्रमांकाचा फितीच्या फुलाच्या पोटात बसतो. धागा त्यांत अडकतो म्हणून ते सगळ्यात शेवटी शिवले जातात. मण्यांचा रंगही तपासून घ्यावा लागतो, कारण काही गुलाबी आणि जांभळ्या मण्यांवर केवळ वरून रंग दिलेला असतो आणि तो उन्हात उडतो. एकोणिसाव्या शतकातल्या फसव्या जांभळ्याची ही नवी आवृत्ती म्हणता येईल.

अलीकडे घरच्या रंगपात्रांत वनस्पतिज रंग आणि गंजाचे ठसे पुन्हा दिसू लागले आहेत. पानांचे ठसे गडद करण्यासाठी हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, वापरला जातो, किंवा जुने खिळे कापडात गुंडाळून ठेवले जातात, आणि त्यातून येणारे करडे-तपकिरी रंग क्रेझी कामात फार शोभतात. पण लोखंड रेशमाला खाते, हे जुन्या कामांतल्या काळ्या तुकड्यांनी दाखवून दिले आहे. या क्षेत्रातले जाणते लोक गंजाचे ठसे सुती कापडापुरते ठेवतात, आणि रेशमाला हिराकस द्यायचाच झाला तर तो अगदी थोडा, मोजून देऊन कापड अनेक पाण्यांतून काढतात.