खोदलंय फक्त 12 किलोमीटर, मग 50 किलोमीटर खालचं कसं कळतं?

फॉरवर्ड जुनाच आहे: ‘माणसाने जेमतेम 12 किलोमीटर खोदलंय, त्याखालचं सगळं थापा.’

पहिला भाग खरा. रशियातल्या कोला इथलं भोक 12,262 मीटरवर थांबलं. पण आतलं कळायला खोदावंच लागतं असं नाही. कलिंगड आपण टिचकी मारूनच घेतो की!

उरल पर्वत घ्या. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंडांची टक्कर होऊन तो उभा राहिला. आज झिजून सर्वांत उंच शिखरही 1,900 मीटरच्या आत. 1995 मध्ये तिथे स्फोट आणि जमीन थरथरवणारे अवजड ट्रक वापरून सर्वेक्षण झालं. मातीत खिळ्यासारखे रोवलेले जिओफोन खालून परतलेले प्रतिध्वनी टिपत होते.

हिशेब स्वतः करून पाहा. कवचात, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत वरच्या खडकाळ थरात, लहरींचा सरासरी वेग सेकंदाला साधारण 6.5 किलोमीटर धरा. कवचाच्या तळावरून प्रतिध्वनी 16 सेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन 104, म्हणजे खोली 52 किलोमीटर. वेगात थोडी चूक झाली तर उत्तर दोन-चार किलोमीटर हलेल, एवढंच. शिवाय गुरुत्वाकर्षणाची मोजमापं आणि दूरच्या भूकंपांच्या लहरी यांच्याशी ते ताडून पाहता येतं.

उरलखाली कवच 50 किलोमीटरहून जाड निघालं. डोंगर झिजला, जमिनीखालचं त्याचं जाड मूळ मात्र शाबूत!