केल्विन चुकले, पण किरणोत्सर्गामुळे नव्हे

पृथ्वीच्या वयाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांना किरणोत्सर्ग (अस्थिर अणूंचं विघटन, ज्यातून खडकांत उष्णता तयार होते) ठाऊक नव्हता, म्हणून त्यांचं गणित फसलं. ऐकायला छान, पण खरी नाही.

खाणीत जसजसं खाली जावं तसं तापमान वाढतं. 1862 मध्ये केल्विन यांनी हा दर 50 फुटांना 1 अंश फॅरनहाइट धरला आणि वितळलेली पृथ्वी घट्ट झाल्यावर निव्वळ उष्णतावहनाने (म्हणजे खडक जागचा न हलता त्यातून उष्णता सरकत जाऊन) या स्थितीला यायला किती काळ लागेल ते काढलं. उत्तर आलं 2 ते 40 कोटी वर्षं. मेख त्या ‘निव्वळ वहना’त होती. एवढ्या काळात वहनाने वरच्या शंभरेक किलोमीटरचीच उष्णता बाहेर पडते. त्या थरात किरणोत्सर्गाची भर घातली तरी उत्तर फारसं हलत नाही.

खरी चूक दाखवली त्यांच्याच जुन्या सहायकाने, जॉन पेरी यांनी. तीही 1895 मध्ये, किरणोत्सर्गाचा शोध लागण्याच्या आदल्या वर्षी! आतला भाग संथपणे ढवळत असेल, तर खालची उष्णता वर येत राहते, पृष्ठभागाजवळची तापमानवाढ टिकते आणि वय 200-300 कोटींपर्यंत सहज जातं. पेरींचं फार कुणी मनावर घेतलं नाही. प्रावरणाचा (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा) घन खडकही वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने वाहतो, हे मान्य व्हायला पुढे अनेक दशकं गेली.

किरणोत्सर्गाचं श्रेय वेगळं आहे: त्यामुळे खडकांचं वय मोजता आलं आणि पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांची ठरली.