गेममधली गिटार आणि खरी गिटार: वाद्य घेण्याआधी वाचा

‘मुलगा गेममध्ये सगळ्यात वरच्या लेव्हलला आहे, मग गिटार पटकन जमेल ना?’ हा प्रश्न काउंटरवर सतत येतो. उत्तर असं की लय लवकर जमेल, बोटं जमणार नाहीत. असं का होतं, कोणतं वाद्य घ्यावं आणि पहिल्या महिन्यात काय करावं, ते या पत्रकात दिलं आहे.

गेम काय तपासतो

२००५ साली आलेल्या ‘गिटार हीरो’ या गेमच्या कंट्रोलरवर पाच रंगीत बटणं होती आणि उजव्या हाताखाली वर-खाली हलणारी एक पट्टी. स्क्रीनवरून ठिपका खाली आला की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी हलवायची. बटण बरोबर होतं का आणि वेळेवर दाबलं का, एवढंच गेम बघतो. ऐकू येतं ते वादन आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. चुकलात की तेवढी गिटार गप्प होते, बरोबर आलात की पुन्हा वाजते. बेसूर वाजण्याची सोयच नाही.

साध्या अकॉस्टिक गिटारवर सहा तारा आणि साधारण २० फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) असतात, म्हणजे बोट ठेवायच्या १२० जागा. बोट फ्रेटच्या लगेच मागे पडलं तर कमी जोरात स्वच्छ सूर निघतो. दोन फ्रेटच्या मधोमध पडलं तर जोर जास्त लागतो आणि तार झणझणते. बोट आडवं पडलं तर शेजारची तार मुकी होते. उजव्या हातात पिक (तार छेडायची छोटी चकती) किती घट्ट धरलंय, तार पुलाजवळ (तारा खाली अडकवतात तिथे) छेडली की भोकावर, यानेही आवाज बदलतो. यातलं काहीच कंट्रोलरला कळत नाही.

वेळेच्या बाबतीतही गेम उदार असतात. अनेक गेम साधारण दशांश सेकंद मागेपुढे चालवून घेतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि तिचा चौथा भाग ०.१२५ सेकंदाचा. म्हणजे गेमने ‘बरोबर’ म्हटलेला ठोका खऱ्या वाद्यावर जवळजवळ पाव मात्रा सरकलेला असू शकतो आणि सोबत वाजवणाऱ्याला तो लगेच खटकतो.

‘रॉक बँड ३’ या दुसऱ्या गेमने २०१० मध्ये १७ फ्रेट गुणिले ६ अशा १०२ बटणांची गिटार काढून हे अंतर कमी करायचा प्रयत्न केला. तिच्यावर बोटांच्या जागा खऱ्या शिकता येत. पण डाव्या हाताखाली तारांऐवजी बटणंच होती, त्यामुळे दाबाची सवय होण्याचा प्रश्न नव्हता.

ड्रमचं गणित वेगळं आहे

इथे मात्र गेमचा फायदा खरा आहे. ‘रॉक बँड’च्या संचात चार पॅड आणि एक पेडल असतं आणि वरच्या लेव्हलला रेकॉर्डिंगमधले ठोके जवळजवळ जसेच्या तसे वाजवावे लागतात. उजवा हात आठ ठोके मोजतोय, डावा तिसऱ्यावर आणि सातव्यावर पडतोय, पाय वेगळंच काही करतोय, ही हातपाय सुटे करण्याची मेहनत खऱ्या किटवरही कामी येते. राहतं ते हाय-हॅटवरचं (पेडलने उघड-मिट होणाऱ्या झांजांच्या जोडीवरचं) डाव्या पायाचं काम, काठीची उसळी आणि हलका-भारी ठोका. असा खेळाडू घरात असेल तर गिटारऐवजी ड्रमचा विचार जरूर करा. फ्लॅटमध्ये जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक किट बरा. मात्र पेडलचा धक्का फरशीतून खालच्या घरात जातो, त्यासाठी किटखाली जाड रबरी मॅट हवीच.

की-बोर्ड आणि पेटी

उतरत्या रंगीत पट्ट्या दाखवणारी अ‍ॅप्स आता पुष्कळ आहेत. त्यांतली ‘थांबा’ सोय जपून वापरा. बरोबर की दाबेपर्यंत गाणं थांबून राहतं, त्यामुळे हाताला जागा पाठ होतात पण लय मोडते. आठवड्याभराने अ‍ॅप बंद करून वाजवायला सांगा, हात तिथेच अडखळतात. ही सोय बंद ठेवा, वेग निम्म्यावर आणा आणि चुकलं तरी पुढे जाऊ द्या.

की-बोर्ड घेताना ६१ कीज, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होण्याची सोय आणि यूएसबी-मिडी जोडणी (कोणती की दाबली ते अ‍ॅपला कळवणारी) या तीन गोष्टी बघा. जोराला दाद न देणारा की-बोर्ड म्हणजे पुन्हा बटणंच. पेटीत की किती जोरात दाबली याने फरक पडत नाही, आवाज भात्यातून ठरतो. म्हणून स्क्रीनवर बोटं सराईत झालेल्याला सुरुवातीला एका हाताने भाता संथ ठेवणंच अवघड जातं.

अ‍ॅपला खरं वाद्य जोडताना

‘रॉकस्मिथ’सारख्या गेममध्ये खरी गिटार वाजवायची असते. केबलने जोडायची तर गिटारला पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) हवा. फोनच्या माइकवर ऐकणारी अ‍ॅप्स पंख्याच्या घरघरीत गोंधळतात, आणि कॉर्डमधली (एकदम वाजवायच्या काही सुरांमधली) एखादी तार मुकी असली तरी पुष्कळदा ‘शाबास’ म्हणून मोकळी होतात. ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. आवाज दशांश-दोन दशांश सेकंद उशिरा येतो आणि मूल स्वतःला दोष देत बसतं. वायरचा हेडफोन लावा, टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा.

गिटार घरी नेण्याआधी

आठ ते अकरा वर्षांच्या मुलाला ३६ इंची, म्हणजे पाऊण मापाची गिटार पुरते. बाराव्या फ्रेटवर सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेची फ्रेटपासूनची उंची मोजून घ्या. दोन ते अडीच मिलिमीटर ठीक, तीनच्या वर असेल तर ती आमच्याकडून खाली करून घ्या. पहिल्या फ्रेटशीही तार उंच नको. नवी गिटार आठवड्यात कोपऱ्यात जाते याचं मोठं कारण आळस नसून हीच उंची असते. बोटं दुखतात आणि हात परत कंट्रोलरकडे वळतो. स्टीलच्या तारांनी बोटांची टोकं घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतातच. नायलॉनच्या तारा मऊ असतात, पण त्या क्लासिकल गिटारलाच लावायच्या.

पहिला महिना

रोज १५ मिनिटं पुरेत, पण रोज. आधी क्लिपचा ट्यूनर (सूर लागला का ते दाखवणारं यंत्र) लावून जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर मिळवा. सूर चढा झाला तर तार आधी उतरवा आणि खालून वर आणा, नाहीतर खुंटीतली ढील राहते आणि सूर घसरतो. नव्या तारा पहिले काही दिवस उतरणारच, त्यात बिघाड नाही.

पहिला आठवडा पाचव्या फ्रेटपासून चार बोटं चार फ्रेटवर, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० वर, ठोक्याला एक सूर. तिथे फ्रेट जवळजवळ असतात आणि तार हलकी दबते. दुसऱ्या आठवड्यात ई मायनर आणि ए मायनर हे कॉर्ड घ्या. कॉर्ड धरून लागणारी एकेक तार सुटी छेडा. मुकी तार सापडली तर बोट फ्रेटकडे सरकवा, नुसता जोर वाढवू नका. मग एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा स्वच्छ बदल होतो ते मोजा. तीसच्या आसपास आलं की साधं गाणं धरता येतं. डी, जी, सी त्यानंतर. एफची घाई नको.

महिन्यात दोन-तीनदा अर्धा मिनिट फोनवर रेकॉर्ड करून ऐका. गेम बंद करायची गरज नाही, पण तो सरावानंतर खेळा. आधी खेळलं तर गिटारचा संथ वेग कंटाळवाणा वाटतो.

पावसाळ्यात तारांना गंज चढतो, गिटारची मान किंचित हलते, तारांची उंची बदलते. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारा पुसा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उंची तपासायला आणाल तेव्हा तारा काढून आणू नका, सुरात लावूनच आणा. सैल तारांवर मोजलेली उंची चुकीची येते.