पार्श्वभूमी : चिकणमातीतले लोह, ‘मुक्त’ कोणते आणि ‘बद्ध’ कोणते

चिकणमातीच्या एखाद्या नमुन्यात लोह किती आहे हे सांगणे सोपे असते. ते नेमके कुठे आहे हे सांगणे अवघड. त्यातला एक भाग मृत्तिका खनिजाच्या थरांच्या आत, ॲल्युमिनियमच्या जागी बसलेला असतो. दुसरा भाग त्याच थरांच्या पृष्ठांना आणि कडांना ऑक्साइडांच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात चिकटलेला असतो. तिसरा भाग थोडा, पण चंचल असतो आणि थरांमधल्या फटीत पाण्यासोबत ये-जा करतो. या तिघांची फारकत कशी करायची याविषयी गेल्या शतकात जे निर्णय झाले, त्यांतला एक, म्हणजे ठरावीक विद्रावाने धुऊन निघणाऱ्या लोहाला ‘मुक्त’ म्हणण्याचा, आजही विश्लेषणाच्या बहुतेक तक्त्यांत एका रकान्याच्या रूपाने टिकून आहे. प्रस्तुत टिपणाचा मोठा भाग त्या एकाच निर्णयासाठी खर्ची पडला आहे, कारण पुढचे बहुतेक वाद तिथूनच सुरू झाले असे माझे मत आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. फ्रान्समधल्या दोन गावांवरून नॉन्ट्रोनाइट हे नाव १८२७ मध्ये आणि माँटमोरिलोनाइट हे नाव १८४७ मध्ये रूढ झाले. माती विद्रावातला अमोनियम धरून ठेवते आणि त्याबदल्यात कॅल्शियम सोडते, हे १८५० च्या सुमारास दाखवले गेले. तरीही चिकणमाती म्हणजे निश्चित रचना नसलेला, गोंदासारखा पदार्थ आहे, हा समज १९२० च्या दशकापर्यंत बळकट होता. स्फटिकातल्या अणूंची मांडणी दाखवणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाने तो मोडून काढला. १९३० मध्ये अभ्रकाची आणि केओलिनाइटची स्तरित रचना मांडली गेली, १९३३ मध्ये माँटमोरिलोनाइटची मांडली गेली, आणि दोन-चार वर्षांतच एका मूलद्रव्याची जागा दुसरे मूलद्रव्य घेते व त्यामुळे थरावर ऋणभार येतो, ही कल्पना पक्की झाली. केओलिनाइटमध्ये सिलिकाच्या चतुष्फलकांचा (चार ऑक्सिजनांच्या मधोमध सिलिकॉन) एक पट आणि ॲल्युमिनियमच्या अष्टफलकांचा (सहा ऑक्सिजनांच्या मधोमध ॲल्युमिनियम) एक पट मिळून ०.७२ नॅनोमीटरचा थर होतो. माँटमोरिलोनाइट आणि नॉन्ट्रोनाइट ज्यात मोडतात त्या, पाण्यात फुगणाऱ्या स्मेक्टाइट गटात अष्टफलकांचा पट दोन चतुष्फलक-पटांच्या मध्ये सापडतो, आणि लोहाची खरी कथा घडते ती याच मधल्या पटात. या गटात माँटमोरिलोनाइटच्या अष्टफलकांत ॲल्युमिनियमचे प्राबल्य असते, तर नॉन्ट्रोनाइटमध्ये ती जागा जवळजवळ पूर्णपणे फेरिक (त्रिसंयुजी) लोहाने व्यापलेली असते.

रचना कळली आणि लगेच एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. रासायनिक विश्लेषणातून नमुन्यातल्या एकूण लोहाचा आकडा मिळतो. खनिजाचे सूत्र लिहायचे तर त्या आकड्यातले किती लोह थरांच्या आतले आहे आणि किती वर चिकटलेल्या गोथाइटचे, हेमाटाइटचे किंवा धड स्फटिकही न झालेल्या गाळाचे आहे, हे आधी ठरवावे लागते. बाहेरचे लोह चुकून आत मोजले, तर अष्टफलकांतल्या जागा उपलब्ध जागांपेक्षा जास्त भरतात आणि थराच्या भाराचा सगळा हिशेब बिघडतो. शिवाय हे ऑक्साइड कणांना एकमेकांशी जखडून ठेवतात, त्यामुळे ते काढल्याशिवाय विवर्तनाच्या रेषाही स्पष्ट येत नाहीत. नमुना आधी ‘धुऊन’ घेण्याची गरज अशी दोन बाजूंनी निर्माण झाली.

धुण्यासाठी निवडले गेले सोडियम डायथायोनाइट. त्याचा वापर १९५० च्या दशकात वाढत गेला होता, परंतु १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीने त्याला प्रमाणित रूप दिले, आणि तीच पद्धत जगभरच्या माती-प्रयोगशाळांत रुळली. तिची कृती मुद्दाम तपशिलाने देतो. नळीतल्या नमुन्यात ०.३ मोलर सोडियम सायट्रेटचा ४० मिलिलिटर आणि १ मोलर सोडियम बायकार्बोनेटचा ५ मिलिलिटर विद्राव घालायचा, जलतापकावर तापमान ८० अंश सेल्सियसवर आणायचे, मग १ ग्रॅम डायथायोनाइटची भुकटी टाकून ढवळत राहायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे. तापमान ८० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, नाहीतर गंधक बाहेर पडून सगळेच गढूळ होते. डायथायोनाइट फेरिक लोहाचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, त्याला फेरस (द्विसंयुजी) बनवते, सायट्रेट त्या फेरसला विद्रावात धरून ठेवते, आणि अभिक्रियेत तयार होणारे आम्ल शोषून घेऊन बायकार्बोनेट सामू ७.३ च्या आसपास राखते. तांबूस गाळ काही मिनिटांतच करडा होतो. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की तळाशी फिकट माती आणि वर लोह घेऊन गेलेला विद्राव, असे दोन भाग स्वच्छ दिसतात. वर गेलेल्या लोहाला ‘मुक्त लोह’ म्हटले गेले आणि खाली राहिलेले ‘बद्ध’ किंवा ‘संरचनात्मक’ ठरले.

या पद्धतीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. आधीच्या तीव्र आम्लांच्या पद्धती लोहाबरोबर खनिजही खात असत. उदासीन सामूमुळे सिलिकेटाची नासाडी पुष्कळ कमी झाली, आणि वेगवेगळ्या देशांतले आकडे प्रथमच एकमेकांशेजारी ठेवता येऊ लागले. आक्षेप आहे तो नावाला. ‘मुक्त’ हा शब्द खनिजाचा गुण सांगत असल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो एका विशिष्ट विद्रावाने पंधरा मिनिटांत काय उचलले एवढेच सांगतो. जाड स्फटिकांचे हेमाटाइट एका धुण्यात पुरते निघत नाही, मॅग्नेटाइट बरेचसे मागे राहते, तरीही ते थरात बद्ध नसते. उलट, लोहबहुल स्मेक्टाइटच्या कडांवरून थोडे संरचनात्मक लोहही विद्रावात जाते आणि तक्त्यात ‘मुक्त’ म्हणून नोंदवले जाते.

शब्दांचा गुंता इथेच थांबला नाही. अंधारात आम्लधर्मी अमोनियम ऑक्झलेटने निघणाऱ्या लोहाला ‘अस्फटिकी लोह’ म्हणण्याची प्रथा १९६० च्या दशकात पक्की झाली. ऑक्झलेटचा वापर मुळात १९२२ पासूनचा होता, परंतु प्रकाश असला की निकाल भलताच येतो, म्हणून अंधाराची अट महत्त्वाची ठरली. या ‘अस्फटिकी’ गाळाचा मोठा भाग पुढे १९७० च्या दशकात फेरिहायड्राइट नावाचे स्वतंत्र खनिज म्हणून मान्य झाला, त्यामुळे अस्फटिकी हे विशेषणही अर्धे खोटे ठरले. त्याआधी हेच सारे लिमोनाइट या सैल नावाखाली एकत्र मोजले जात असे. एका पदार्थाची चार दशकांत तीन नावे झाली, आणि जुना अहवाल वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी आधी वर्ष पाहावे लागते.

पृष्ठावरचे लोह थराला कसे चिकटते, हा वाद याच काळातला आहे. केओलिनाइटच्या सपाट पृष्ठांवर ऋणभार असतो; लोहाच्या ऑक्साइडांवर सुमारे ७ ते ९ या सामूपेक्षा खाली धनभार असतो. म्हणून आम्लधर्मी मातीत दोघे एकमेकांना ओढतात, आणि यावरून ऑक्साइडाचा अखंड लेप थरावर चढतो असे चित्र अनेक वर्षे काढले गेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा तसा लेप दिसला नाही. थरांच्या पृष्ठांवर आणि कडांपाशी सुटे कण विखुरलेले दिसले. प्रयोगशाळेत ताजा गाळ पाडला तर पातळ लेप मिळू शकतो, हेही खरे आहे. पण निसर्गातल्या जुन्या मातीला ते चित्र सरसकट लावणे घाईचे होते.

आता मूळ निर्णयाकडे परत येतो, कारण त्याचा सर्वांत गंभीर परिणाम उशिरा लक्षात आला. डायथायोनाइट पृष्ठावरचे लोह उचलते तेव्हा थराच्या आतल्या फेरिक लोहालाही इलेक्ट्रॉन देते. आतले लोह जागेवरून हलत नाही, म्हणून ते विद्रावाच्या आकड्यात दिसत नाही. मात्र त्याची संयुजा बदलते. नॉन्ट्रोनाइटचा पिवळसर हिरवा गाळ या विद्रावात आधी गडद हिरवा आणि मग निळसर होत जातो, आणि झाकण उघडे ठेवले की हवेने तो रंग उतरू लागतो. नमुन्याला परत हवा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड दिले की सर्व पूर्ववत होते, असे गृहीत धरूनच कित्येक वर्षे काम चालले. १९८० च्या दशकात, हवा पूर्णपणे बाजूला ठेवून, जवळजवळ त्याच सायट्रेट-बायकार्बोनेट-डायथायोनाइटच्या मिश्रणाने स्मेक्टाइटच्या आतल्या लोहाचे हेतुपुरस्सर क्षपण केले जाऊ लागले. नमुना स्वच्छ करण्याची कृती आणि नमुना बदलण्याची कृती रासायनिकदृष्ट्या एकच होती, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत विचार करण्याजोगी वाटते.

अशा क्षपणाने माती पार बदलते. थरांचा ऋणभार वाढतो, धनायन विनिमय क्षमता (एक धनायन सोडून दुसरा धरण्याची क्षमता) वाढते, पण पाण्यात फुगण्याची ताकद घटते, कारण थर एकमेकांवर घट्ट बसतात आणि पोटॅशियमसारखे आयन मध्ये अडकून पडतात. प्रत्येक फेरिक आयनाचा फेरस झाल्यावर ऋणभार एका एककाने वाढायला हवा. प्रत्यक्षात मोजलेली वाढ त्यापेक्षा कमी भरते. प्रोटॉन थरात शिरतात, हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपाने बाहेर जातात, आणि रचना आतून सावरून घेते. इ. स. २००० च्या सुमारास नॉन्ट्रोनाइटवर झालेल्या कामातून तर असे दिसले की क्षपण पुरेसे झाले की फेरस आयन शेजारच्या रिकाम्या अष्टफलकांत सरकतात आणि एरवी दर तीन अष्टफलकांपैकी दोनच भरलेली असतात तिथे काही ठिकाणी तिन्ही जागा भरलेल्या अशा वस्त्या तयार होतात. परत ऑक्सिडीकरण केल्यावर संयुजा पूर्वीची होते, पण आयनांची मांडणी पूर्वीची होतेच असे नाही. ‘पूर्ववत’ या शब्दाने किती झाकायचे, यावर अजून एकमत नाही.

हे सारे प्रयोगशाळेच्या बाटलीपुरते राहिले असते, तर वाद तज्ज्ञांपुरताच उरला असता. परंतु पाण्याखाली गेलेल्या, प्राणवायू संपलेल्या मातीत हेच काम जिवाणू करतात. शेवानेला कुळातल्या एका जिवाणूचे शुद्ध संवर्धन स्मेक्टाइटच्या आतल्या फेरिक लोहावर श्वसन करू शकते, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. २००४ मध्ये आणखी धक्कादायक निष्कर्ष आला. स्मेक्टाइटचे इलाइट या न फुगणाऱ्या, पोटॅशियमयुक्त मृत्तिका खनिजात रूपांतर होण्यासाठी ३०० ते ३५० अंश तापमान, मोठा दाब आणि चार-पाच महिने लागतात असे प्रयोगांवरून मानले जात होते. जिवाणूंच्या उपस्थितीत साध्या खोलीच्या तापमानाला आणि वातावरणीय दाबाला १४ दिवसांत इलाइट तयार झाल्याचे सांगण्यात आले. गाडल्या गेलेल्या गाळातल्या इलाइटवरून जुन्या तापमानाचा अंदाज बांधणाऱ्यांना अर्थातच ते सहज पचले नाही.

आत आणि बाहेर ही सीमारेषा त्यानंतर आणखी पुसट झाली. गॅमा किरणांच्या शोषणावरून लोहाची अवस्था दाखवणाऱ्या मॉसबाउअर वर्णपटात लोहाचे फक्त ५७ वस्तुमानांकाचे समस्थानिक दिसते, आणि नैसर्गिक लोहात त्याचे प्रमाण जेमतेम २.१ टक्के असते. या मर्यादेचाच उपयोग करून घेतला गेला. वर्णपटाला न दिसणारे ५६ चे फेरस लोह विद्रावातून मातीला दिले, तर वर्णपटात जो बदल दिसेल तो मातीच्या मूळच्या लोहातलाच असणार. तसा बदल दिसला : बाहेरून चिकटलेल्या फेरसचा इलेक्ट्रॉन थराच्या आतल्या फेरिककडे गेला होता. म्हणजे पृष्ठावरचे आणि आतले लोह जागेने वेगळे असले तरी इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीत ते एकमेकांपासून तुटलेले नसते. क्षपित स्मेक्टाइट विषारी षट्संयुजी क्रोमियमचे कमी घातक त्रिसंयुजी रूपात रूपांतर करते आणि क्लोरिनयुक्त द्रावकांचे विघटन करते. त्यामागे थरातल्या लोहातला इलेक्ट्रॉनांचा हाच साठा आहे. ‘मुक्त’ आणि ‘बद्ध’ या दोन रकान्यांत हा साठा कुठे लिहायचा, याची सोय तक्त्यात नाही.

अणुकचऱ्याच्या खोल भूमिगत साठवणीच्या आराखड्यांत पोलादी पात्राभोवती बेंटोनाइटचा, म्हणजे मुख्यतः स्मेक्टाइट असलेल्या चिकणमातीचा, जाड वेढा सुचवलेला असतो, आणि हा वेढा फुगून फटी बुजवेल यावर सारी मदार असते. पोलाद गंजू लागले की फेरस लोह थेट त्याच स्मेक्टाइटला भिडते. उष्ण प्रयोगांत काही वेळा स्मेक्टाइट मोडून ०.७ नॅनोमीटर अंतराची, न फुगणारी लोहबहुल खनिजे तयार झालेली दिसली आहेत. कमी तापमानाला आणि हजारो वर्षांच्या मुदतीत हा बदल किती खोलवर जाईल, याचे अंदाज गृहीतकांनुसार बदलतात.

मंगळावरच्या गेल क्रेटरमध्ये २०१३ मध्ये फिरत्या यानाने चिखलदगडाची भुकटी विवर्तनयंत्रात तपासली, तेव्हा तिथे डायथायोनाइट नव्हते आणि धुण्याचा प्रश्नच नव्हता. ०.४५८ नॅनोमीटरच्या आसपासच्या रेषेवरून तिथले स्मेक्टाइट तिन्ही अष्टफलके भरलेल्या, सॅपोनाइटसारख्या प्रकारचे असावे असे ठरवले गेले. त्यातले लोह जन्मतः फेरस होते आणि नंतर त्याचे ऑक्सिडीकरण झाले, असा अर्थ काही अभ्यासक लावतात.